डोळे लाल व कोरडे का होतात?

डोळ्यांची लाली हा स्वतंत्र आजार नसून अनेक आजारांचे समान लक्षण आहे. कारण वेगळे, तसा उपचारही वेगळा. म्हणून मागच्या वेळचे उरलेले किंवा शेजाऱ्यांनी दिलेले थेंब डोळ्यांत घालू नयेत.

कोरडेपणा कसा येतो?
डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर असतो. त्यातील पाणी ओलावा देते व तैलांश ते उडून जाऊ देत नाही. पापणी मिटताना हा थर नव्याने पसरतो. तो अपुरा पडल्यास डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, जळजळ होते व लाली येते. अशा डोळ्यांतून कधी पाणीही वाहते. ती चुरचुरीची प्रतिक्रिया असते.

नेहमीची कारणे
• मोबाइल किंवा संगणकाकडे एकटक पाहणे : पापण्यांची उघडझाप कमी होते. दर 20 मिनिटांनी 20 फूट दूर, 20 सेकंद पाहावे.
• चुलीचा धूर, धूळ, पंख्याचा थेट वारा.
• वाढते वय, रजोनिवृत्ती, संधिवात, तसेच ॲलर्जीवरील काही गोळ्या. डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करू नये.
• ॲलर्जी : खाज हे मुख्य लक्षण. डोळे चोळू नयेत.
• डोळे येणे : चिकट स्राव येतो, संसर्ग पसरतो. हात वारंवार धुवावेत. रुमाल व टॉवेल वेगळे ठेवावेत.
• बालकांमध्ये ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता : कोरड्या डोळ्यांसोबत संध्याकाळी अंधुक दिसत असल्यास त्वरित तपासणी करावी. या जीवनसत्त्वाचा पहिला डोस 9 व्या महिन्यात दिला जातो.

हे टाळा
स्टेरॉइडयुक्त थेंबांनी लाली लवकर ओसरते. परंतु सल्ल्याविना दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो आणि बुबुळावरील संसर्ग बळावतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. मध, गुलाबपाणी, काजळ डोळ्यांत घालू नये.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा
तीव्र वेदना, अंधुक दिसणे, प्रकाश सहन न होणे, बुबुळावर पांढरा ठिपका, डोळ्याला पात्याचा किंवा काडीचा मार, लेन्स वापरणाऱ्याचा लाल डोळा, नवजात बाळाच्या डोळ्यांतून पू येणे.

डोळ्यांत रसायन किंवा चुना गेल्यास प्रथम स्वच्छ पाण्याने किमान 15 मिनिटे डोळे धुवावेत, मगच रुग्णालयात जावे.

वापरात असलेले थेंब तपासणीच्या वेळी सोबत आणावेत.