उपग्रहाला आपले शिवार कसे दिसते?



गावच्या जमिनीची नोंद सातबाऱ्यावर असते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण साऱ्या देशात पीक किती, जंगल किती, पाणी किती, हे दरवर्षी कसे मोजणार? हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र हे काम उपग्रहाच्या चित्रांवरून करते. २००४-०५ सालापासून असा वार्षिक नकाशा होऊ लागला.

त्यासाठी प्रथम वापरला तो २००३ साली श्रीहरिकोटाहून सोडलेला रिसोर्ससॅट-१ उपग्रह. तो सुमारे ८१७ किलोमीटर उंचीवरून फिरे. त्याच्या एका कॅमेऱ्याला जमीन गणिताच्या वहीसारखी चौकोनाचौकोनांची दिसे. एक चौकोन ५६ मीटर लांब आणि तितकाच रुंद. गुणाकार करून बघा, जवळजवळ ३१ गुंठे भरतात! म्हणजे बांधावरचा आंबा त्याला वेगळा दिसायचा नाही, परसातला भोपळा तर नाहीच नाही.

चित्रात हिरवे पीक चक्क लाल असते बरं का! पान आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण पुष्कळ परत फेकते. चित्रात त्या किरणांना लाल रंग देतात.

आता समजा, चित्र फक्त ऑगस्टमधले घेतले. रब्बी ज्वारीचे रान तेव्हा उघडे असते. उपग्रह म्हणेल, इथे काहीच नाही! तेच रान डिसेंबरात बघा. म्हणून खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशा तिन्ही हंगामांची चित्रे ताडून बघतात. पावसाळ्यात ढग आड येतात, तेव्हा उघडीप मिळेल त्या दिवसाचे चित्र घ्यावे लागते.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात झुडपांचा माळही पडीकच धरतात. अहो, मग मेंढ्या चरतात कुठे? ज्याच्यासाठी सोलापूर जिल्ह्यात नान्नजला अभयारण्य केले, तो माळढोकही अशाच उघड्या माळाचा पक्षी. कागदावर 'पडीक' लिहिले की ती जागा रिकामी आहे, असेच कोणालाही वाटणार.

नकाशा ताडायला माणसे प्रत्यक्ष जागेवरही जातात. आपणही जाऊ. शनिवारी शाळा सुटली की टेप आणि दोरी घेऊन माळावर या. ५६ मीटरचा एक चौकोन आखू आणि त्यात काय काय सापडते ते वहीत लिहू. यादी पुढच्या अंकात इथेच लावीन.