हॉटेलचं वायफाय वेगळं, आरव्हीचं वेगळं

प्रश्न : अमेरिकेत मुलाकडे आलो आहोत. सगळे मिळून आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन यलोस्टोनला निघणार, वाटेत हॉटेलांतही मुक्काम. मुलाला प्रवासात ऑफिसचं कामही आहे. ट्रॅव्हल राउटर कोणता घ्यावा?

उत्तर : हॉटेलात सिग्नल बहुधा असतो. त्रास होतो तो खोली क्रमांक आणि आडनाव विचारणाऱ्या लॉगिनचा, शिवाय किती उपकरणं जोडायची यावरच्या मर्यादेचा. राउटर हॉटेलच्या वायफायला जोडून एका फोनवरून लॉगिन केलं, की मागचे लॅपटॉप, टॅब, फोन मिळून हॉटेलला सहसा एकच उपकरण दिसतं. जीएल-आयनेटचा बेरिल एएक्स यासाठी उत्तम : वायफाय ६, यूएसबी-सी चार्जरवर चालणारा, ऑफिसच्या कामाला उपयोगी वायरगार्ड व्हीपीएनची सोय असलेला. खोलीत लॅनचं सॉकेट सापडलं, तर सरळ केबल लावावी.

आरव्हीचं दुखणं निराळं. कॅम्पग्राउंडचं वायफाय लांबून येतं आणि एअरस्ट्रीमसारख्या गाडीचा अ‍ॅल्युमिनियमचं कवच ते अडवतं. स्वतःची गाडी असेल तर सिम घालता येणारा, १२ व्होल्टवर चालणारा राउटर आणि छतावरची अँटेना हाच खरा उपाय.

भाड्याच्या गाडीच्या छताला मात्र भोकं पाडता येत नाहीत. तिथे याच बेरिलला फोन यूएसबी केबलने जोडून फोनचंच इंटरनेट वापरावं. प्लॅनमधली हॉटस्पॉटची मर्यादा आधी पाहावी. यलोस्टोनच्या मोठ्या भागात मोबाइलला रेंजच नसते. मुलाच्या मीटिंगा उद्यानाबाहेर, वेस्ट यलोस्टोन किंवा गार्डिनर गावात मुक्काम असेल त्या दिवशी ठेवाव्यात.