एका धाग्याची साक्ष

घटनास्थळी सापडलेला धाग्याचा तुकडा पुष्कळदा केसाहूनही बारीक असतो. रसायनांत विरघळवून त्याची परीक्षा केली, तर पुरावाच नाहीसा होतो. तो नष्ट न करता त्याची जात ओळखण्याचे काम अवरक्त किरणांचा सूक्ष्मदर्शक करतो.

विल्यम हर्शेल याने १८०० साली सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडील, डोळ्यांस न दिसणारे उष्ण किरण शोधून काढले. हेच अवरक्त किरण होत. रेणूतील अणूंना जोडणारे बंध सतत कंप पावतात आणि आपल्या कंपनाशी जुळणारे किरण तेवढे शोषून घेतात. १ सेंटीमीटर लांबीत सुमारे २२४० तरंग मावतील अशा किरणांचे शोषण दिसले, की धागा अॅक्रिलिक असल्याची खूण पटते. पॉलिएस्टरची ठळक खूण १७२० च्या आसपास आढळते. साधी काच यांतील बहुतेक किरण अडविते. म्हणून या सूक्ष्मदर्शकात भिंगांऐवजी आरसे योजतात. सुमारे १० मायक्रोमीटर रुंदीचा भागही त्यात तपासता येतो.

तथापि या साक्षीस मर्यादा आहे. एकाच जातीच्या धाग्याचे हजारो सदरे विकले जातात. घटनास्थळचा धागा आणि संशयिताचा सदरा यांचे वर्णपट जुळले नाहीत, तर तो धागा त्या सदऱ्याचा नव्हे, असे म्हणता येते. ते जुळले, तर दोहोंची जात एक, एवढेच ठरते. हा भेद न्यायालयात विसरला गेल्यास निरपराध माणसास शिक्षा होण्याचा धोका असतो.