निजलेला संगणक आपोआप जागा का होतो?

संगणकाची निद्रा मुख्यतः दोन प्रकारची असते. 'सस्पेंड' या पहिल्या प्रकारात स्मृतीला वीज मिळत राहते. 'हायबरनेट' या दुसऱ्या प्रकारात स्मृतीतील मजकूर डिस्कवर उतरवून यंत्र बंद होते. म्हणून पहिल्या निद्रेत वीज गेली, तर जतन न केलेला निबंध नष्ट होतो. दुसरीत तो वाचतो.

१९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्समध्ये निद्राभंगाचे कारण शोधता येते. नागरवाड्यातील एका घरचा संगणक निजविताच पुन्हा जागा होई. आम्ही तर्क लढविण्याआधी पुरावा पाहिला. 'प्रॉक'मधील 'एसीपीआय' विभागात 'वेकअप' नावाची फाईल असते. यंत्राला जागे करू शकणाऱ्या घटकांची यादी तीत मिळते. ज्यांपुढे 'एनेबल्ड' होते, ते घटक आम्ही एकेक करून बंद करीत व पुन्हा चालू करीत गेलो. यूएसबीची पाळी येताच यंत्र शांत निजले. माऊसचा किंचित धक्काही त्याला जागे करीत होता! आता ते पॉवरच्या बटणाने उठवावे लागते, आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर हा बदल नव्याने करावा लागतो.

तात्पर्य, एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत टिपावा. दोन बदल एकदम केल्यास गुण कशाने आला, हे कधीच कळत नाही.