जुन्या मोटारीशी स्कॅनर का जुळत नाही?

भाजीपाला बाजारात नेणारी जुनी मोटार वाटेत अडू लागली की शेतकऱ्याचा माल आणि दिवस दोन्ही वाया जातात. अशा वेळी दोष शोधण्यासाठी स्कॅनर लावावा, तर तो गाडीशी जुळत नाही. मग गाडीचा संगणकच बिघडला असे समजून मोठा खर्च केला जातो. वास्तविक कारण पुष्कळदा किरकोळ असते. ते पुढील क्रमाने शोधावे.

१. गाडीची जात : कार्बोरेटरची पेट्रोल गाडी किंवा यांत्रिक पंपाचे जुने डिझेल इंजिन असल्यास इंजिनाला बहुधा संगणकच नसतो. तेथे स्कॅनरला उत्तर कोण देणार? ओबीडी-२ ही समान पद्धती अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून सक्तीची झाली. भारतात ती २०१३ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या काही गाड्यांत सोळा पिनांचे सॉकेट असते, परंतु भाषा केवळ त्या कारखान्याची असते. सॉकेट जुळले म्हणजे भाषा जुळली, असे नव्हे.

२. वीज : स्कॅनरचा दिवा लागत नसेल, तर सॉकेटला वीज नाही. सॉकेटची रुंद बाजू वर धरून पाहिल्यास खालच्या ओळीत उजवीकडे शेवटी १६ क्रमांकाची पिन असते. ती आणि वरच्या ओळीतील ४ किंवा ५ क्रमांकाची पिन यांमध्ये मल्टिमीटरने सुमारे १२ व्होल्ट मिळावयास हवेत. न मिळाल्यास फ्यूज पाहावा. अनेक गाड्यांत तो सिगारेट-लायटरचाही असतो. जळालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज कदापि घालू नये; त्याने गाडीस आग लागू शकते.

३. चावी : चावी ‘ऑन’ स्थितीत फिरवावी. त्याविना संगणक जागा होत नाही.

४. भाषा : अनेक जुन्या गाड्या ७ क्रमांकाच्या पिनवरील के-लाइनने बोलतात, तर नव्या गाड्या ६ व १४ क्रमांकांवरील कॅन पद्धतीने. काही स्वस्त स्कॅनरांना के-लाइन समजत नाही. ती सावकाश जागी होते. म्हणून पद्धती आपोआप न ठरू देता हाताने निवडावी व थोडे थांबावे. काही गाड्यांत नंतर बसविलेला रेडिओही के-लाइन अडवितो. तो काढून पुन्हा प्रयत्न करावा.

५. फोन : ब्लूटूथने फोन स्कॅनरशी जुळला, म्हणजे स्कॅनर गाडीशी जुळला असे मानू नये. या दोन जोडण्या निराळ्या आहेत.

शेवटी तोच स्कॅनर दुसऱ्या, नव्या गाडीस लावून पाहावा. तेथेही जुळला नाही, तर दोष स्कॅनरचा. तेथे जुळला, तर त्याच्या पुस्तिकेत जुन्या गाडीची भाषा नमूद आहे का, हे पाहावे. ग्रामसेवकाने इतके तपासल्यावाचून संगणक बदलण्याचा सल्ला कोणासही देऊ नये.