आधी ऊब, मग ऊन

वर्षाची चटणी करायची म्हणून मिरच्यांची देठं खुडून झाली की परातीच्या तळाशी मूठभर बी उरतं. आमच्या सातारा-सांगलीकडं ते कुणीतरी पुडीत बांधून ठेवतं आणि जूनच्या पहिल्या सरीला परसात फेकतं. उगवतंही भसाभस, कारण तेव्हा जमिनीत ऊब असते. पंचाईत होते ती जानेवारीत.

जानेवारीत बी टाकायचं कशाला, तर एप्रिलच्या उन्हासाठी. पारा 37-38 अंशांपुढं गेला की मिरचीचं फूल गळायला लागतं. म्हणजे मार्च संपायच्या आत झाड फुलावर आलेलं बरं. रोप तयार व्हायला सहा आठवडे, लावणीपासून फुलापर्यंत पाच-सहा आठवडे. मागं मोजत गेलं की जानेवारीचा पहिला आठवडा येतो. संक्रांत झाल्यावर टाकलंत तरी मिरच्या लागतील, पण पहिला बहर उन्हाच्या तडाख्यात सापडेल.

या दिवसांत कृष्णाकाठीही पहाटे पारा 12-14 अंशांपर्यंत उतरतो. साताऱ्यात आणि माण-खटावच्या कोरड्या हवेत कधी त्याहूनही खाली. मिरचीच्या बियाला हवी 25 ते 30 अंशांची ऊब. गार मातीत ते नुसतं पडून राहतं आणि आपण रोज पाणी घालून घालून त्याला कुजवतो. म्हणून घरात.

आधी बी कुठलं ते बघा. चटणीच्या मिरचीचं बी चालतं, पण मिरचीत परागीभवनात सरमिसळ होते. संकेश्वरीच्या बियातून अगदी संकेश्वरीच निघेल याची हमी कुणी देऊ नये. घरच्या हिरव्या मिरचीला ज्वाला किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले ज्योती चांगली. ज्योतीच्या मिरच्या झुपक्यानं लागतात, कुंडीत दिसायलाही झकास. पुडीतलं बी गुलाबी किंवा निळं असेल तर ते औषध लावलेलं असतं. ते भिजवू नका आणि हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका. साधं बी रात्रभर कोमट पाण्यात ठेवा, सकाळी निथळून घ्या. मटकीसारखे लांब मोड आणायचा मोह नको, मिरचीचा मोड पेरताना हमखास मोडतो.

चहाचे कागदी कप घ्या, बुडाला दोन-तीन भोकं पाडा. भरायला नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट. एक किलोची वीट चार-पाच लिटर पाणी पिऊन फुगते. खारटपणा जावा म्हणून एकदा धुऊन पिळून घ्या. मुठीत दाबलं तर एखाद-दुसराच थेंब गळावा, इतकीच ओल. नुसती काळी माती अजिबात नको. ती उसाला ठीक, कपात तिची वीट होते. प्रत्येक कपात दोन बिया, अर्धा ते एक सेंटिमीटर खोल. घराला सहा-आठ झाडं रग्गड होतात, त्यामुळं दहा-बारा कप पुरे. ढबू मिरची करायची असेल तर तीही अशीच, फक्त ती उगवायला आणखी आळशी.

आता खरी युक्ती, आणि ती रोपवाटिकांतून उचललेली आहे. तिथं थंडीत मिरचीचे ट्रे पेरून झाले की एकावर एक रचतात आणि वरून काळा प्लास्टिकचा कागद गुंडाळून टाकतात. उजेड नाही, वारा नाही, आतल्या आत ऊब धरते. घरी हेच करायचं. कप एका खोक्यात ठेवा, वर प्लास्टिक, त्यावर जुनी गोधडी, आणि खोकं स्वयंपाकघरात चुलीच्या किंवा शेगडीच्या वरच्या फळीवर. या टप्प्याला खिडकीतल्या उन्हाची काही गरज नसते. बी उजेड मागत नाही. बहुतेक लोक इथंच चुकतात: कप थेट गच्चीवर नेतात, दिवसा तापवतात आणि रात्री गारठवतात.

सहाव्या दिवसापासून रोज सकाळी उघडून बघा. दोन-चार कपांत पांढरी कमान वर आली की त्याच दिवशी झाकण काढायचं, बाकीच्यांची वाट बघायची नाही. मी एकदा पेरणी करून लग्नाला पुण्याला गेलो आणि दोन दिवस जास्त राहिलो. आलो तर खोक्यात शेवयांसारखे पांढरे दोरे, माना टाकून पडलेले. एकही वाचलं नाही.

उगवल्यावर सगळा न्याय उलटा. आता ऊन हवं, तेही भरपूर. पूर्वेची खिडकी, मग आठवड्याभरानं गच्ची. रात्री मात्र आत. पाणी सकाळीच, कप थाळीत ठेवून खालून द्या. संध्याकाळी वरून घातलेलं पाणी रात्रभर मुळाशी गार राहतं आणि रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात. एक कोलमडलं तर तो कप लगेच बाजूला करा. दोन बिया उगवल्या असतील तर किरकोळ रोप उपटू नका, नखानं खुडा. उपटताना शेजाऱ्याचीही मुळं हलतात. कोकोपीटमध्ये खायला काहीच नसतं, म्हणून खरी पानं दोन झाली की लिटरभर पाण्यात एक ग्रॅम 19:19:19 खत आठवड्यातून एकदा.

बोकड्या रोगाची काळजी याच वयात घ्यायची. पानं वळवणारा विषाणू पांढरी माशी आणते, आणि ती मच्छरदाणीच्या भोकातून आरामात आत जाते. गच्चीवर कपांभोवती चार काठ्या रोवून जुन्या व्हॉयलच्या साडीचं पातळ कापड बांधा. खारी आणि चिमण्याही लांब राहतात.

पाच-सहा आठवड्यांत रोप वीतभर होतं, सहा-आठ पानं येतात. शेवटच्या आठवड्यात पाणी थोडं तोडा आणि रात्रीही बाहेर राहू द्या. लावणी संध्याकाळी करा, बारा इंची कुंडीत: पोयटा, कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू. शेणखत कच्चं असेल तर आत हुमणी येते. कप फाडून गड्डा न मोडता बसवा, तीन दिवस दुपारची सावली धरा. आणि एखाद्या रोपाची कोवळी पानं वाटीसारखी वळलेली दिसली तर ते कुंडीत लावूच नका.