कंत्राटी डेटा विश्लेषकाचे काम



कंत्राटी डेटा विश्लेषक कंपनीत मुदतीपुरता येतो, म्हणून कामाची व्याप्ती आधी लेखी ठरलेली असावी. ‘पुरवठादारांची बिले रखडतात’ हे गाऱ्हाणे झाले. ‘बिल आल्यापासून पैसे जमा होईपर्यंतचे दिवस मोजून उशीर कोणत्या टप्प्यावर होतो ते दाखवणे’ हे काम झाले.

त्यानंतर जागेवर जाऊन पाहावे. टोयोटात याला ‘गेंची गेंबुत्सू’ म्हणतात. आवकेचा शिक्का सोमवारचा आणि सिस्टिममधली नोंद बुधवारची असेल, तर मधले दोन दिवस कोणत्याही रिपोर्टात दिसत नाहीत. ते टेबलावरच्या ट्रेमध्ये सापडतात आणि त्यांचे कारण कारकुनाला ठाऊक असते.

मग डेटा साफ करणे. बराचसा वेळ इथेच जातो. एकच पुरवठादार तीन स्पेलिंगांनी नोंदलेला असतो. 03/04 ही तारीख एका संगणकावर 3 एप्रिल, तर दुसऱ्यावर 4 मार्च ठरते. एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाइलीत 65,536 ओळीच मावतात. 2020 मध्ये इंग्लंडमध्ये याच मर्यादेमुळे कोरोनाचे 15,841 रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले. म्हणून फाइल उघडताच ओळींची संख्या मूळ नोंदींशी ताडून पाहावी.

विश्लेषणाला साधे गणितही पुरते. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, सरासरी 240 बिले पडून असतील आणि रोज 40 निकालात निघत असतील, तर एका बिलाला सरासरी 6 दिवस लागतात. त्यातले हाताळणीचे काम काही मिनिटांचेच असेल, तर टायपिंगचा वेग वाढवून फरक पडत नाही. सहीसाठी थांबणे कमी करावे लागते.

मोबदल्याचा हिशेबही चोख हवा. व्यावसायिक शुल्कातून सहसा 10 टक्के टीडीएस कापला जातो. महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. आजारपणाची रजा भरपगारी नसते, हे दर ठरवतानाच धरावे.

डेटा कंपनीचा असतो. त्याची प्रत स्वतःच्या लॅपटॉपवर नेऊ नये. मुदत संपण्यापूर्वी प्रत्येक क्वेरी आणि आकड्याची व्याख्या लिहून द्यावी आणि शेवटच्या आठवड्यात रिपोर्ट त्याच कारकुनाकडून काढून घ्यावा. तो कुठे अडतो, तेवढे दुरुस्त केले की काम पूर्ण होते.